हप्ता भरण्याआधी विचारा, ही पॉलिसी मोजते काय?

छोट्या शेतकऱ्यांच्या गटांना विम्याचे कागद समजावून सांगणं आणि नुकसान झालं की दाव्यासाठी त्यांच्याबरोबर उभं राहणं, हे माझं काम आहे. बैठकीत पहिला प्रश्न हमखास हप्त्याचा असतो. दुसरा, मिळणार किती? दोन्ही रास्तच आहेत. पण त्यांच्याआधी विचारायचा प्रश्न राहून जातो, आणि हंगाम बुडाल्यावरचा सगळा संताप त्या न विचारलेल्या प्रश्नातून येतो. ही पॉलिसी नेमकं काय मोजते?

शेत बुडालं की विमा मिळतो, असं आपण धरून चालतो. छोट्या शेतकऱ्यांसाठीच्या बहुतेक योजना तुमचं शेत बघतच नाहीत. त्या एक आकडा, म्हणजे निर्देशांक, बघतात. परिसराचं सरासरी उत्पादन, हवामान केंद्रावर पडलेला पाऊस किंवा उपग्रहाला दिसलेली हिरवळ, यांतला कुठलातरी एक. तो आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की पैसे मिळतात, नाही गेला की मिळत नाहीत. तुमचं पीक डोळ्यांदेखत वाळलेलं असलं तरीही.

हे ऐकून लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. पण असं का केलं गेलं, तेही समजून घ्यायला हवं, म्हणजे या विम्याचा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही ते कळतं. एकरभर जमिनीचा हप्ता असतो थोडा. त्या एकरावर माणूस पाठवून नुकसान तपासायचं तर त्याच्या येण्याजाण्यातच तो हप्ता संपतो. भारतात 1972-73 मध्ये गुजरातेत एच-4 या संकरित कापसाचा विमा सुरू झाला, तो एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर आधारलेला होता आणि त्या पद्धतीने टिकला नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी मग क्षेत्र पद्धतीचा आग्रह धरला. एकाच परिसरातल्या शेतांवर संकट बहुतेक वेळा मिळूनच येतं, तेव्हा परिसर हाच एकक धरा, असं त्यांचं म्हणणं. 1979 चा प्रायोगिक विमा आणि 1985 ची देशव्यापी योजना त्याच पायावर उभी राहिली. पावसाच्या आकड्यावर विमा द्यावा ही कल्पना तर त्याहून जुनी. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी ती 1920 मध्ये मांडली होती. ती भारतात प्रत्यक्षात यायला 2003 उजाडलं. तेव्हा आजच्या तेलंगणातल्या महबूबनगरमध्ये बेसिक्स ही ग्रामीण पतपुरवठा करणारी संस्था आणि आयसीआयसीआय लोंबार्ड ही विमा कंपनी यांनी भुईमूग आणि एरंडी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पावसावर आधारित विमा दिला.

तेव्हा कागद हातात घ्या आणि भरपाई कशी ठरणार, एवढंच त्यात शोधा. प्रत्येक शेताची पाहणी होईल असं लिहिलं असेल, तर तो वैयक्तिक नुकसानीचा विमा. गारपिटीसारख्या एका धोक्यापुरता तो बऱ्याच ठिकाणी मिळतो. "अधिसूचित क्षेत्राचं सरासरी उत्पादन" (अधिसूचित म्हणजे योजनेसाठी जाहीर केलेलं) असे शब्द असतील तर क्षेत्र उत्पादन विमा. मिलिमीटर, सलग कोरडे दिवस, अंश सेल्सिअस दिसलं तर हवामान निर्देशांक विमा. जनावरांच्या पॉलिसीत वनस्पतींच्या हिरवेपणाचा निर्देशांक असू शकतो. उत्तर केनियातल्या मार्साबितमध्ये 2010 पासून पशुपालकांना असा विमा मिळू लागला. तिथे जनावरं मेली का हे कोणी मोजत नाही, चारा किती उगवला याचा अंदाज उपग्रहावरून काढतात.

क्षेत्र उत्पादन विमा: एक गणित पूर्ण करून बघा

हे गणित मी प्रत्येक बैठकीत फळ्यावर मांडते. पद्धत भारतातल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेची आहे, पण थोड्याफार फरकाने असंच गणित इतर देशांतही चालतं.

समजा, तुमच्या परिसराचं गेल्या सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असं आहे: 22, 18, 9, 20, 24, 12, 21. यातली चांगली पाच वर्षं घ्यायची, म्हणजे 9 आणि 12 गळाले. उरलेल्यांची बेरीज 105, सरासरी 21. आता येतो जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत संरक्षण आहे ते. तो 70, 80 किंवा 90 टक्के असतो. 70 टक्के असेल तर 21 चे 70 टक्के, म्हणजे 14.7 क्विंटल. हे झालं उंबरठा उत्पादन. परिसराचं उत्पादन याच्या खाली गेलं तरच भरपाई सुरू होते.

यंदा परिसराचं उत्पादन 12.6 क्विंटल आलं. नेहमीच्या 21 शी तुलना केली तर पीक 40 टक्क्यांनी घटलं. विमा संरक्षित रक्कम (सगळंच पीक गेलं तर मिळणारी पूर्ण रक्कम) 40,000 आहे, म्हणजे 16,000 मिळतील असं शेतकरी मनाशी धरतो. पण तूट 21 पासून मोजायची नाही, 14.7 पासून मोजायची. 14.7 वजा 12.6, म्हणजे 2.1. भागिले 14.7. साडेचौदा टक्केही होत नाहीत. हातात येतात 5,714.

तेच जोखीमस्तर 80 टक्के असता तर उंबरठा 16.8 झाला असता, तूट बरोबर 25 टक्के, आणि भरपाई 10,000. 90 टक्क्यांना 13,333. शेत तेच, दुष्काळ तोच, विमा संरक्षित रक्कमही तीच. म्हणून "विमा 40,000 चा आहे" एवढं ऐकून थांबू नका. जोखीमस्तर किती, हे विचारल्याशिवाय त्या 40,000 ला अर्थ नाही. विकणाऱ्याला ही संख्या सांगता येत नसेल तर त्याच्या वरच्या माणसाला विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.

आता परिसराचं ते 12.6 येतं कुठून? पीक कापणी प्रयोगांतून. ही जागा अशी आहे की जिथे शेतकऱ्याने स्वतः जाऊन उभं राहावं, आणि बहुतेक जण जात नाहीत. भात किंवा गव्हासारख्या पिकात साधारण पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखतात. कोणतं शेत आणि शेतातली कोणती जागा, हे सोडतीसारख्या पद्धतीने आधीच ठरलेलं असतं. चांगला किंवा वाईट तुकडा बघून चौकोन टाकायचा नसतो. चार खुंट्या, दोरी, मग आतलं पीक कापायचं, मळायचं, साफ करायचं, वजन करायचं. ओलावा असतो म्हणून नमुना वाळवून पुन्हा वजन घेतात.

पंचवीस चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. काट्यावर 3 किलो 150 ग्रॅम आलं की चारशेने गुणून 1,260 किलो, म्हणजे आपले 12.6 क्विंटल. आता काट्यावरची पाव किलोची चूक बघा. 250 ग्रॅम जास्त धरले तर हेक्टरी एक क्विंटल वाढला. 13.6 झाले. वरच्या गणितात भरपाई 5,714 वरून 3,000 च्या आत आली. एकाच प्रयोगावर काही ठरत नाही, अनेक प्रयोगांची सरासरी निघते, हे खरं. पण सगळीकडेच धान्य ओलं असताना तोललं आणि वाळवून तोलणं राहिलं, तर सरासरीही चढीच निघणार.

म्हणून गटातल्या दोघांना कापणीच्या दिवशी पाठवा. चौकोन आखताना दोरी ताणलेली आहे का, कडेवरची रोपं आत ओढली जात नाहीत ना, काटा शून्यावर आहे का, वाळवलेल्या नमुन्याचं वजन नोंदवलं का, एवढंच बघायचं. वजनाचा फोटो काढायचा, तारीख आणि त्या शेताचा गट क्रमांक लिहून ठेवायचा. "आमच्याच पडलेल्या शेतात प्रयोग करा" असा हट्ट मात्र कोणी धरू नये. तसं एकदा झालं की पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूचा माणूस उत्तम शेत निवडेल, आणि त्याला अडवायला तुमच्याकडे तोंड उरणार नाही.

पाऊस मोजणारी पॉलिसी

इथे हंगामाचे टप्पे पाडलेले असतात: पेरणी आणि उगवण, वाढ, फुलोरा, दाणे भरणं. प्रत्येक टप्प्याला पावसाची एक रेषा. उदाहरणार्थ, फुलोऱ्याच्या चाळीस दिवसांत 150 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला तर कमी पडलेल्या प्रत्येक मिलिमीटरला 100, आणि 50 मिलिमीटरच्या खाली गेला की त्या टप्प्याची पूर्ण रक्कम. पाऊस 110 झाला, 40 कमी पडला, मिळाले 4,000. पंचनामा नाही, अर्ज नाही, कोणाची मनधरणी नाही. पैसे लवकर येतात, आणि ही या विम्याची खरी ताकद आहे.

अडचण कुठे येते ते सांगते. चाळीसपैकी पस्तीस दिवस कोरडे गेले आणि मग एका रात्रीत 155 मिलिमीटर कोसळला. पीक आधी वाळलं, उरलंसुरलं वाहून गेलं. कागदावर मात्र पाऊस पुरेसा आहे. नीट बांधलेल्या करारात यावर उपाय असतो. एका दिवसाचा ठरावीक मर्यादेवरचा पाऊस बेरजेत धरत नाहीत, कारण तो मुरत नाही. तसंच अगदी चिमूटभर पाऊसही धरत नाहीत. सलग कोरड्या दिवसांची वेगळी अटही असू शकते. तुमच्या पॉलिसीत यातलं काय आहे ते विचारा. काहीच नसेल तर ती पॉलिसी पावसाची बेरीज मोजते, खंड मोजत नाही. पिकाला मारतो तो खंड.

दुसरं, पाऊस मोजतात कुठे? हवामान केंद्र नकाशावर बघा, अंतर किलोमीटरमध्ये विचारा, आणि मधे डोंगर आहे का तेही बघा. सपाटीवर थोडं लांबचं केंद्रही चालून जातं. डोंगराच्या पलीकडचं केंद्र जवळ असूनही कामाचं नाही. उपग्रहावरून पाऊस मोजत असतील तर केंद्राच्या अंतराचा प्रश्न राहत नाही, पण उपग्रहाचा अंदाज मोठ्या चौकोनाचा असतो, त्यात तुमचं शेत एक ठिपका.

तिसरी गोष्ट पिकाच्या कालावधीची, आणि ती किती महाग पडू शकते हे मलावीच्या सरकारने अनुभवलंय. 2015-16 च्या हंगामात तिथे भीषण दुष्काळ पडला. सरकारने आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या संस्थेकडे दुष्काळाचा विमा उतरवला होता. पण संस्थेच्या गणिताने सांगितलं की भरपाई लागू होत नाही. शोध घेतल्यावर कळलं की गणितात मका दीर्घ मुदतीचा, 120 ते 140 दिवसांचा धरलाय, आणि शेतकरी बऱ्याच प्रमाणात 90 दिवसांच्या वाणाकडे वळलेत. गणित दुरुस्त झालं, तेव्हा सुमारे 81 लाख डॉलर मंजूर झाले. लाखो लोक अन्नासाठी हात पसरत असताना मधले महिने गेले ते गेलेच. सरकारचं असं होतं, तर गटाने आपला वाण आणि पेरणीची खरी तारीख विमा कंपनीला लेखी कळवणं किती गरजेचं आहे ते बघा. तुमचा फुलोरा जुलैच्या शेवटी आणि पॉलिसीतला ऑगस्टच्या मध्याला, असं असेल तर तो विमा दुसऱ्याच कोणाच्या पिकाचा आहे.

घेण्याआधीची परीक्षा

ही परीक्षा शिक्षण नसलेल्या माणसालाही घेता येते, आणि तिच्याइतकं खात्रीचं मला दुसरं काही माहीत नाही. गटातली वयस्क माणसं, विशेषतः बायका, एकत्र बसवा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सर्वांत वाईट हंगाम कोणते, ते आठवून घ्या. साल आठवत नसेल तर लग्न, बाळंतपण, निवडणूक यांच्या आधाराने साल निघतं. त्या हंगामात नेमकं काय बिघडलं होतं तेही लिहा. पेरणी वाया गेली, फुलोऱ्यात पाणी नव्हतं, का काढणीला आलेलं भिजलं? चार-पाच सालांवर सगळ्यांचं एकमत होतं.

मग ती यादी विमा विकणाऱ्यापुढे ठेवा आणि विचारा: तुमची ही पॉलिसी त्या त्या वर्षी असती तर किती पैसे मिळाले असते? पावसाच्या जुन्या नोंदी आणि उत्पादनाचे जुने आकडे त्यांच्याकडे असतातच, त्याशिवाय हप्ता काढता येत नाही. इथिओपियात तिग्राई भागात 2009 मध्ये ऑक्सफॅम अमेरिका आणि स्थानिक संस्थांनी जो विमा बांधला, त्यात शेतकऱ्यांच्या आठवणीतली वाईट वर्षं निर्देशांक ठरवतानाच वापरली गेली. पाच वाईट वर्षांपैकी चारांना पैसे मिळाले असते तर विमा चांगला बांधलाय. दोनांनाच मिळाले असते तर मी गटाला नको म्हणते. तुमच्याकडची वाईट वर्षं बहुतेक अतिवृष्टीची असतील आणि पॉलिसी दुष्काळाची, तर पुढे बोलायचंच कारण नाही.

हप्ता परवडतो का

हप्त्याचं मूळ गणित फार साधं आहे. दर पाच वर्षांतून एकदा निम्मं पीक जात असेल, तर सरासरी नुकसान दर वर्षी दहा टक्के. कंपनीचा खर्च आणि नफा त्यावर. म्हणजे कोणाची मदत नसेल तर हप्ता विमा संरक्षित रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्तच येणार. कोणी 3 टक्क्यांत हेच संरक्षण देत असेल तर एकतर सरकार उरलेले भरतंय, नाहीतर संरक्षण तेवढं नाहीच. भारताच्या योजनेत अन्नधान्य आणि गळिताच्या पिकांसाठी शेतकऱ्याचा वाटा खरिपात 2 टक्के, रब्बीत 1.5 टक्के आणि वार्षिक नगदी व बागायती पिकांना 5 टक्के अशी मर्यादा घातली आहे. त्यावरचा हप्ता सरकारी अनुदानातून जातो. असं अनुदान जिथे आहे, तिथे विमा सहसा घेण्याजोगा असतो.

अनुदान नसेल तर विचार करून घ्या. वारंवार येणारं लहान नुकसान विम्यात टाकायचं नाही, त्याचा हप्ता पेलत नाही. त्यासाठी बचत, गटाचा निधी, दुसरं पीक. विमा ठेवायचा तो जमीन विकायला, जनावरं बाजारात न्यायला, मुलीची शाळा सोडवायला लावणाऱ्या वर्षासाठी. मंगोलियाने 2006 मध्ये पशुपालकांसाठी विमा सुरू केला तेव्हा हे थर उघड वेगळे केले. थोडी जनावरं दगावली तर पशुपालकाने सोसायचं, त्यावरचं विम्याने, आणि झुद म्हणतात त्या महाभयंकर हिवाळ्यातलं टोकाचं नुकसान सरकारने. तुमच्या घरातही हे थर कागदावर मांडून बघा.

सगळी जमीन एकदम विम्याखाली आणायची गरज नसते. केनियात 2009 मध्ये किलिमो सलामा नावाने सुरू झालेल्या विम्यात बियाणं-खताच्या पिशवीएवढाही विमा घेता येत होता, आणि हप्ता-भरपाई मोबाइलवर. बियाणाच्या दरात दडलेला पुन्हा पेरणीचा विमा पुढे त्यातूनच आला. पिशवीत कोड असलेलं कार्ड, पेरणी झाली की तो कोड मोबाइलवरून पाठवायचा, आणि पुढचे 21 दिवस उपग्रह तुमच्या शेताच्या परिसरातला पाऊस बघतो. असा काही विमा तुमच्या बियाणात असेल तर कोड पाठवायला विसरू नका. पैसे तर तुम्ही भरलेलेच आहेत.

हप्त्याची वेळही महत्त्वाची. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो, त्यामुळे चांगला विमाही राहून जातो. पश्चिम केनियात ऊस उत्पादकांना दोन प्रकारे विमा देऊ केला गेला. हप्ता आधी भरायचा होता तेव्हा शंभरातल्या 5 जणांनी घेतला. तोच हप्ता तोडणीनंतर उसाच्या पैशातून कापून घेऊ म्हटल्यावर 72 जणांनी. तुमचा गट माल एकाच कारखान्याला किंवा संस्थेला देत असेल तर हीच मागणी लावून धरा. इथिओपियातल्या गरीब कुटुंबांना हप्ता श्रमाने फेडता येत होता. बांधबंदिस्ती आणि पाणी अडवण्याची कामं करायची, त्याबदल्यात विमा. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण त्यातून पुढच्या दुष्काळाचा तडाखाही कमी होतो.

आणि विम्याचा फायदा भरपाईपुरता नाही. उत्तर घानात विमा मिळालेल्या शेतकऱ्यांनी शेतीवर जास्त खर्च केला, कारण सगळं बुडण्याची भीती कमी झाली. दुष्काळ न पडलेल्या वर्षीसुद्धा हा फायदा असतो. हप्ता "वाया गेला" म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.

नोंदणी करताना

अर्जावरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि जमिनीच्या कागदावरचं नाव अक्षरशः एक असू द्या. भरपाई मंजूर होऊन खात्यात न पोचण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. पीक आणि क्षेत्र प्रत्यक्ष पेरलं तेवढंच लिहा. बटईने किंवा खंडाने शेत करत असाल तर लेखी करार करून घ्या, कारण कागद नसेल तर भरपाई मालकाच्या खात्यात जाते आणि मग ती मागायला जावं लागतं. शेत कसणारी बाई असेल आणि जमीन नवऱ्याच्या नावावर, तर तिच्या खात्यात पैसे येण्याची सोय आहे का, हे नोंदणीच्या वेळीच विचारायचं. नंतर कोणी ऐकत नाही.

कर्जाला जोडलेला विमा असेल तर बँकेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: हप्ता कापल्याची पावती, आणि पीक कोणतं नोंदवलं. भरपाई आली की आधी कर्जाला वळती होणार का, तेही. भारतात खरीप 2020 पासून कर्जदारालाही हा विमा ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या आत तसं लिहून द्यावं लागतं.

शेवटच्या तारखेला नोंदणी करू नका. ती तारीख ठरवण्यामागे कारण आहे. हंगाम कसा जाणार हे दिसू लागल्यावर विमा घेता येऊ नये म्हणून ती असते, त्यामुळे ती वाढेल असं धरून चालू नका.

नुकसान झालं की

निर्देशांकाच्या विम्यात तुम्हाला काही कळवायचं नसतं. पण गारपीट, पूर, भूस्खलन अशा स्थानिक संकटासाठी शेताची पाहणी होणार असेल तर घड्याळ लगेच सुरू होतं. भारताच्या योजनेत हे कलम लागू असेल तिथे 72 तासांत कळवावं लागतं, आणि कापून शेतात पसरलेल्या पिकाला काढणीनंतर 14 दिवसांपर्यंत संरक्षण असतं. तुमच्या पॉलिसीतली मुदत आजच शोधून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. शेतात पाणी भरलेलं असताना ती शोधायची वेळ येऊ नये.

पहिल्यांदा कळवा, मग बाकीचं. तक्रार क्रमांक मिळाला नाही तर कळवलं असं धरू नका. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. एक फोटो लांबून, ज्यात झाड, विहीर, रस्ता अशी शेताची ओळख दिसेल. दुसरा पिकाचा, एक पाऊल अंतरावरून. तिसरा हातात रोप धरून: मोडलेला दांडा, सडलेली शेंग, रिकामं कणीस. शक्य असेल तर पीक चांगलं असतानाचा त्याच जागेवरचा फोटोही आधीच काढून ठेवावा. पंजाब-हरियाणात गव्हासाठी अशा नियमित फोटोंवरच भरपाई ठरवण्याचे प्रयोग झाले आहेत. पाहणी होईपर्यंत शेत नांगरू नका. थांबणं शक्यच नसेल तर निदान एक पट्टा उभा ठेवा, आणि तसं लेखी कळवा.

पाहणीचा अहवाल तयार झाला की त्यातला नुकसानीचा टक्का वाचल्याशिवाय सही करायची नाही. वाचता येत नसेल तर येणाऱ्याला सोबत घ्या. मान्य नसेल तर "टक्का अमान्य" असं सहीशेजारीच लिहा.

आकडा बसला नाही तर

शेत गेलं आणि निर्देशांकाने साथ दिली नाही, असं कधीतरी कोणाच्या तरी वाट्याला येणारच. चांगल्यात चांगल्या पॉलिसीतही येतं. त्याची तयारी हंगामाआधी गटातच करावी लागते. इथिओपियात इद्दिर म्हणून जुनी मंडळं आहेत, अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी काढणारी. तिथे विमा अशा मंडळांमार्फत देऊन पाहिला, आणि भरपाई आपसात कशी वाटून घेता येईल हे मंडळाच्या प्रमुखांना समजावल्यावर घेणाऱ्यांची संख्या वाढली. तुमच्या गटानेही आधीच ठरवावं: आलेल्या भरपाईतला अमुक हिस्सा सामायिक निधीत, आणि ज्याचं शेत गेलं पण पैसे आले नाहीत त्याला त्यातून. पैसे आल्यावर हे ठरवायला बसलात तर भांडणं होतील.

आणि आकडाच चुकीचा वाटत असेल तर तक्रार "आम्हाला न्याय द्या" अशी लिहू नका. तिला उत्तरही तसंच गोलमोल येतं. विमा कंपनीला, आणि तिने दाद दिली नाही तर विमा नियामकाला किंवा लोकपालाला लिहिताना नेमके आकडे मागा: आमच्या क्षेत्राचं उंबरठा उत्पादन किती धरलं, त्यासाठी कोणती वर्षं घेतली, यंदाचं उत्पादन किती, किती कापणी प्रयोगांवरून, कोणत्या तारखांना, वाळवल्यानंतरचं वजन काय. पावसाचा विमा असेल तर केंद्राचं नाव आणि त्या टप्प्याच्या रोजच्या नोंदी. तुमच्या कापणीच्या दिवसाचा काट्याचा फोटो सोबत जोडा, अर्जाच्या दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर पोच घेऊनच बाहेर पडा.